केसपेपरवरचं ‘ऑकेजनल’

तालुक्याच्या गावातली संध्याकाळची ओपीडी. बाकावर वीस-पंचवीस माणसं ताटकळलेली, आत डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर पंचेचाळिशीचा एक गृहस्थ. बीपी १६० वर १००. गोळी वर्षभर चालू आहे, तरी आकडा खाली यायला तयार नाही. डॉक्टर केसपेपरवर लिहिता लिहिता, मान वर न करता विचारतात, “व्यसन वगैरे काही?” “नाही साहेब. कधीतरी आपली. कंपनीपुरती.” त्याच्या पाठीशी उभी असलेली बायको मान हलवते आणि पदराआडून हाताची चार बोटं दाखवते. चार म्हणजे काय, हे तिला कुणी विचारत नाही. केसपेपरवर ‘ऑकेजनल’ असा शब्द पडतो, बीपीची दुसरी गोळी सुरू होते, पुढचा नंबर पुकारला जातो.

असा केसपेपर महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यात सापडेल. ‘ऑकेजनल’ या शब्दात वर्षातून दोनदा लग्नात बिअर घेणारा बसतो, दर शनिवारी दोन क्वार्टर रिचवणारा बसतो आणि सकाळी हात थरथरतात म्हणून चहाआधी घोट घेणाराही बसतो. रक्तातली साखर ‘बरी’ किंवा ताप ‘थोडा’ असं लिहिलेलं कुठला डॉक्टर खपवून घेणार नाही. दारूच्या रकान्यात मात्र ते खपतं.

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला दारूबद्दल ठरावीक, मोजके प्रश्न विचारावेत, ही सूचना जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या रुग्णांवर काम करून ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची यादी तयार केली. तिची पहिली पुस्तिका १९८९ सालची, त्यामागचा शोधनिबंध १९९३ सालचा. १९९८ मध्ये तिचे पहिले तीनच प्रश्न वापरून चाळणी लावता येते, हेही दाखवलं गेलं. अमेरिकेच्या प्रतिबंधक उपचारांविषयीच्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना असं विचारावं अशी शिफारस केली. आपल्याकडे हा विषय निघाला, की खुद्द डॉक्टरांकडूनच ठरलेली उत्तरं येतात. रुग्ण खोटं बोलतात. वेळ कुठे आहे? विचारून पुढे करायचं काय? आणि सीएमईच्या, म्हणजे डॉक्टरांच्या उजळणी-व्याख्यानांच्या, चहापानाला चार निबंध वाचलेला एखादा हमखास सांगतो, की अहो, हे सगळं परदेशातच फोल ठरलंय.

हा शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार. म्हणून आधी तोच.

त्याचा आधार इंग्लंडमधला एक मोठा प्रयोग आहे, २०१३ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. सर्वसाधारण दवाखान्यांत आलेल्या, धोक्याच्या पातळीवर पिणाऱ्या ७५६ रुग्णांचे तीन गट केले गेले. पहिल्या गटाच्या हाती नुसतं माहितीपत्रक दिलं. दुसऱ्याला त्याशिवाय पाच मिनिटांचा सल्ला दिला. तिसऱ्याशी वीस मिनिटं सविस्तर बोलणं झालं. सहा महिन्यांनी पाहिलं तर तिन्ही गटांत फारसा फरक नाही. वीस मिनिटं घसा कोरडा करून जे मिळालं, ते कागदाच्या घडीनेही मिळालं. ‘म्हणजे उपयोग नाही’ हा निष्कर्ष इथूनच निघतो.

पण हा प्रयोग कशाची तुलना करत होता, ते पाहायला हवं. तिन्ही गटांतल्या प्रत्येकाला दारूबद्दल आधी विचारलंच होतं. विचारल्यावर किती बोलावं, एवढ्याच गोष्टीची ती परीक्षा होती. न विचारलेला गट त्यात नव्हताच. तेव्हा ‘विचारू नका’ असा निकाल त्यातून काढणं म्हणजे भाताच्या तीन पाककृती चाखून तांदूळ नको म्हणण्यासारखं आहे.

समर्थकांनीही हुरळून जाऊ नये. ‘कॉक्रेन’ या संशोधन-संस्थेच्या २०१८ सालच्या आढाव्यात ६९ प्रयोग आणि ३३ हजारांवर माणसं एकत्र मोजली गेली. थोडक्यात सल्ला मिळालेल्यांची दारू वर्षभरानंतर इतरांपेक्षा आठवड्याला सुमारे २० ग्रॅम मद्यार्काने कमी असल्याचं त्यात दिसलं. २० ग्रॅम म्हणजे दोन छोटे पेग. तेवढ्याने समाज दारूमुक्त होणार असल्याच्या थाटात जी भाषणं होतात, त्यांनीच या विषयाचं नुकसान केलं आहे. पाच मिनिटांच्या उपदेशाने माणसं सुधारतात, हा या प्रश्नांचा पाया धरला तर तो डळमळीतच राहणार. त्यांचा खरा पाया दुसरीकडे आहे: उत्तर माहीत नसेल, तर डॉक्टरांचे स्वतःचेच उपचार चुकतात.

हाडांच्या वॉर्डातला तिसरा दिवस पाहा. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला माणूस, ऑपरेशन छान झालेलं. दुसऱ्या रात्री तो बेचैन होतो, घामाने भिजतो. तिसऱ्या दिवशी चादरीवरच्या मुंग्या झटकू लागतो, आणि चादरीवर मुंगी एकही नसते. सलाइनची सुई उपटतो, दुकान उघडायचंय म्हणून मोडका पाय घेऊन उतरायला बघतो. नातेवाइकांना वाटतं भुलीचं औषध डोक्यात गेलं. एखादी आत्या दबक्या आवाजात बाहेरचं काही असेल म्हणते. त्याला पलंगाला बांधतात. खरं कारण एवढंच, की रोज पिणाऱ्या माणसाची दारू अपघाताच्या दिवशी एकाएकी तुटली आणि मेंदू खवळला. हे दोन-तीन दिवसांत होणार, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेलं आहे. त्यावर औषधं आहेत, वेळेवर सुरू केली तर प्रकरण इथवर येतही नाही. ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं, ही साधी खबरदारी मेंदूची कायमची हानी टाळू शकते. मात्र त्यासाठी दाखल करताना कुणीतरी विचारायला हवं होतं, “शेवटची कधी घेतली?”

असंच मधुमेहाचं. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी आणि रिकाम्या पोटी दारू, ही जोडी साखर धोक्याच्या खाली नेते. मग घामेजलेला, बरळणारा माणूस रस्त्याच्या कडेला पडतो आणि येणारेजाणारे ‘चढलीय’ म्हणून पुढे जातात. त्याला चढलेली असतेही, पण तो मरतो साखर उतरल्याने. क्षयरोगाचंही तेच. भरपूर पिणाऱ्याला क्षय होण्याचा धोका न पिणाऱ्याच्या सुमारे तिप्पट, आणि क्षयाची औषधं ज्या यकृतावर ताण आणतात तेच यकृत दारूने आधीच पोखरलेलं. आणि तो बीपीचा गृहस्थ? दिवसाला सहाहून जास्त पेग घेणाऱ्यांनी दारू निम्म्यावर आणली, तर वरचा आकडा सरासरी साडेपाचने उतरतो, असं २०१७ मधल्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. दुसऱ्या गोळीच्या आधी हे आजमावून पाहायला काय हरकत होती?

अर्धवट विचारणं तर न विचारण्याहून वाईट. एखाद्याच्या तोंडाला वास आला की डॉक्टर खेकसतात, “आजपासून बंद म्हणजे बंद!” शनिवारी पिणाऱ्याला हा सल्ला चालेल. रोज सकाळपासून पिणाऱ्याने तो तंतोतंत पाळला, तर त्याला दोन दिवसांत झटके येऊ शकतात. बायकोच्या त्या चार बोटांचा अर्थ आठवड्याचे चार दिवस की रोजचे चार पेग, यावर इथे जिवाचा प्रश्न असतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत केरळमध्ये दारूची दुकानं एका झटक्यात बंद झाली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयाने एप्रिलच्या सुरुवातीला त्याला स्थगिती दिली. आदेश चुकीचाच होता. पण आपल्या गावात दारू तुटली तर कुणाला धोका आहे, याची यादी कुठल्या डॉक्टरकडे होती?

आता खोटं बोलण्याचा मुद्दा. माणसं दारूबद्दल कमी सांगतात, हे खरंच. मात्र खोट्या उत्तराला खोटा प्रश्नही जबाबदार असतो. “व्यसन वगैरे काही?” यात ‘व्यसन’ ही शिवी आहे आणि ‘वगैरे’ ही सुटकेची वाट. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हापासून मराठी मनात दारू पिणाऱ्याचं चित्र सुधाकराचं किंवा तळीरामाचं आहे. त्या दोघांत आपण बसत नाही अशी खात्री असलेला माणूस ‘नाही’ म्हणतो आणि त्याच्या हिशेबाने ते खरंही असतं. वैद्यकाला चिंता असायला हवी ती तळीराम व्हायच्या कितीतरी आधीच्या माणसांची.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत हे प्रश्न दरवर्षी विचारणं सक्तीचं झालं आणि कागदोपत्री काम उत्तम चाललं. मग २०११ मध्ये एक पडताळणी प्रसिद्ध झाली. त्याच रुग्णांना टपालाने तेच प्रश्न पाठवले, तर घरी बसून ज्यांनी धोक्याचं पिणं कबूल केलं, त्यांतले ६१ टक्के रुग्णालयात ‘ठीक’ ठरले होते. प्रत्यक्ष विचारणं पाहिल्यावर असंही दिसलं, की कर्मचारी ठरलेले शब्द न वाचता “फार पीत नाही ना?” अशा चालीवर विचारत होते. विरोधक हा पुरावा आपल्या बाजूचा मानतील. पण टपालाने कबुली देणारी माणसं तीच होती! खोटेपणा त्यांच्या स्वभावात असता तर कागदावरही उतरला असता.

आपल्याकडे शब्दांचा हिशेब आणखी सोपा आहे. ‘ऑडिट’मधला एक पेग म्हणजे दहा ग्रॅम मद्यार्क, आणि तिसरा प्रश्न असतो: एका बैठकीत सहा किंवा जास्त पेग किती वेळा होतात? आपल्याकडे पेग कुणी मोजत बसत नाही, पण क्वार्टर सगळे मोजतात. १८० मिलिलिटरची क्वार्टर, बाटलीवर छापलेलं प्रमाण ४२.८ टक्के, म्हणजे मद्यार्क सुमारे ६० ग्रॅम. थेट सहा पेग. तेव्हा जिनिव्हाहून आलेल्या प्रश्नाचा मराठी तर्जुमा “एका वेळी क्वार्टर संपते का, आणि महिन्यात कितीदा?” असा होतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली चार पेगांएवढी. हे ऐकल्यावर ‘मी फक्त बिअरच घेतो’ म्हणणारे पुष्कळजण बोटं मोजू लागतील. हातभट्टी, मोहाची, गोव्याकडची फेणी यांचं प्रमाण बाटलीगणिक बदलतं. तिथे ग्लास केवढा, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

गंमत म्हणजे सरकारी यंत्रणेने हा प्रश्न आधीच दारोदार नेलेला आहे. तिशीवरच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म आशाताई भरतात, बीपी, मधुमेह, कर्करोग यांचा धोका जोखण्यासाठी. त्यात दारूवर एकच प्रश्न आहे: रोज दारू पिता का? हो म्हटलं तर एक गुण, नाही म्हटलं तर शून्य. बाजाराच्या दिवशी दोन क्वार्टर घेऊन रस्त्यात लोळणारा माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ सांगतो आणि शून्य गुण घेऊन पास होतो. शिवाय विचारणारी गावातलीच सून, उत्तर देणारा तिचा चुलत सासरा आणि ऐकायला सगळं ओसरीभर घर. या फॉर्मला खोटी उत्तरं मिळतात म्हणून दोष लोकांच्या नैतिकतेला द्यायचा?

वेळ नाही, हे मात्र नाकारता येत नाही. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या तपासणीचा वेळ ताडून पाहणारा आढावा आला, त्यात भारतातली भेट दोन मिनिटांच्या आसपास भरली. मग वजन कसं होतं? बीपी कसं मोजलं जातं? पुष्कळ ठिकाणी ते काम डॉक्टर करतच नाहीत, बाहेर सिस्टर किंवा कंपाउंडर करतात. तीन प्रश्नांचा कागद तिथेच भरता येईल, ज्याला वाचता येतं त्याने स्वतःच खुणा कराव्यात. डॉक्टरांच्या टेबलावर नुसता आकडा यावा, बीपीच्या शेजारी.

‘पुढे करायचं काय’ याचं उत्तर शोधायला इंग्लंडला जायची गरज नाही, ते गोव्यात आहे. ‘संगत’ ही तिथली संस्था. विक्रम पटेल, अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेहमीच्या दुखण्यांसाठी आलेल्या पुरुषांना ‘ऑडिट’चे प्रश्न विचारले. ज्यांचे गुण १२ ते १९ आले, म्हणजे पिणं अपायकारक झालेलं पण अगदी टोकाला न गेलेलं, अशा ३७७ जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांशी समुपदेशकाने जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायचं होतं. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी त्यांच्याशी बोललेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, इतरांपैकी २६ टक्के. गेल्या दोन आठवड्यांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के. हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि वर्षभरानंतर पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. तरीही जे पीतच राहिले, त्यांचं रोजचं प्रमाण घटलं नाही. जादू नव्हतीच. पण ही माणसं सापडली कशी? मोडकं हाड, ताप, खोकला घेऊन आलेल्या हजारो पुरुषांना एकेक करून विचारलं म्हणून. आणि ती बोलली, गोव्यातही बोलली.

टोकाला गेलेल्यांसाठी पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, जिल्हा रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ आहेत, नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत. ही सोय अपुरी आहे हे उघड आहे. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ५.७ कोटी माणसांना दारूपायी मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. पण सोय नाही म्हणून विचारायचं नाही, असं चाललं तर सोय वाढवायची मागणी कोण करणार, कुठल्या आकड्यांवर? दरम्यान बाजार थांबलेला नाही. एसटी स्टँडाच्या भिंतींवर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. डायसल्फिरामसारखी गोळी न सांगता भाजीत मिसळली आणि वर त्याने दारू घेतली, तर काय होऊ शकतं, हे त्या भिंतीवर लिहिलेलं नसतं. डॉक्टर ज्या बायकोकडे बघत नाहीत, ती त्या भिंतीवरचा नंबर लिहून घेते.

खरं पाहता महाराष्ट्रातला डॉक्टर दारूबद्दल विचारतोच, पण निवडून. पोलिसांनी आणलेल्या माणसाचा वास, बोलणं, चाल, डोळ्यांच्या बाहुल्या हे सगळं दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांनी ठरवलेल्या नमुन्यात तपशीलवार लिहिलं जातं. फाटक्या सदऱ्यातल्या, बांधकामावरच्या माणसाला ‘पितोस का रे’ असं एकेरीत विचारलं जातं. इस्त्रीच्या शर्टातल्या मॅनेजरला विचारायला संकोच वाटतो. बाईला तर कुणीच विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) दारू पिणाऱ्या स्त्रिया १.३ टक्के निघाल्या, म्हणजे लाखो बायका, आणि त्यांच्या आंबट ढेकरांवर वर्षानुवर्षं नुसती ॲसिडिटीची गोळी चालू असते. सगळ्यांना सरसकट विचारलं तर अपमान होईल, अशी भीती घातली जाते. अपमान होतो तो ‘तुलाच का विचारलं’ याचा. वजनकाट्यावर सगळेच उभे राहतात, तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही. आणि ज्या राज्यात दारूचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो, आणि परवान्याच्या मजकुरात प्रकृती राखण्यासाठी मद्याची गरज असल्याचं लिहिलेलं असतं, तिथे प्रकृती बघणाऱ्यानेच त्याबद्दल बोलायला लाजावं, ही तऱ्हा कुणाला सुचली कोण जाणे.

एक आक्षेप मात्र खोडता येत नाही, आणि तो क्वचितच मोठ्याने मांडला जातो. केसपेपरवर खरं लिहिलं तर विमा जातो. आरोग्यविम्यातून काय काय वगळता येईल, याची प्रमाणित यादी विमा नियामकाने २०१९ मध्ये काढली. त्यातलं बारावं कलम मद्यपाशावरचा उपचार आणि ‘त्याचे परिणाम’ वगळण्याची मुभा देतं. दुसरीकडे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारूच्या अतिरेकाशी निगडित मानसिक स्थिती आजारच मानतो आणि मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर विमा द्या म्हणतो. या दोहोंतली गाठ सुटलेली नाही. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाच्या फाइलमध्ये ‘रोज एक क्वार्टर, तेरा वर्षं’ असं लिहिलं, की क्लेम अडकायची भीती. लाखाचं बिल त्या बायकोच्या गळ्यात पडू नये म्हणून कित्येकदा डॉक्टर समजून उमजून ‘ऑकेजनल’ लिहितात. ही लबाडी नाही, माया आहे. तिच्यावर टीका करण्याआधी ते बारावं कलम बदलायला हवं.

तोवर काम तोंडीच चालतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री भूलतज्ज्ञ फाइल मिटतात, नातेवाइकांना बाहेर पाठवतात आणि हळूच विचारतात, “शेवटची कधी घेतली?” माणूस खरं सांगतो. ते फाइलमध्ये उतरत नाही, रात्रपाळीच्या सिस्टरला कानात सांगितलं जातं. सकाळी आठला तिची ड्यूटी संपते.